ऑफिसातले सात कंप्युटर साफ करताना: एका महिन्याच्या नोंदी

शनिवार, २८ जून २०२५

आमचं ऑफिस इंदूरला रामबागेत. कर-सल्ल्याचं काम, माणसं आठ, कंप्युटर सात. मी अकाउंट्स बघते. कंप्युटरचं शिक्षण काही नाही, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे "ताई" म्हणून मलाच हाक मारतात, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात आलं. नोंदी ठेवतेय त्या दुसऱ्या कुणावर हीच पाळी आली तर त्याचे निदान माझ्या चुकांचे तास वाचावेत म्हणून.

निमित्त गुरुवारचं. एक निवृत्त शिक्षिका रिटर्न भरायला आल्या होत्या. आमच्या ऑफिसातल्या काकूंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उघडली: तुमच्या कंप्युटरमध्ये ५ व्हायरस. ती बंद केली तर दुसरी आली, आणि तिच्यातला फोटो इथे सांगण्यासारखा नाही. बाईंनी नजर टेबलावरच्या पेपरवेटवर नेली, बराच वेळ तिथेच ठेवली आणि हळूच विचारलं, "माझं पेन्शनचं खातं ह्याच्यातच आहे का गं?" सरांनी संध्याकाळी मला बोलावलं.

हात लावायच्या आधी आज प्रत्येक मशीनवर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि तक्रारी वहीत लिहिल्या. १ ते ६ विंडोज १०, ७ नंबर सरांचा, विंडोज ११. काकूंच्या ३ नंबरवर कोपऱ्यातल्या चौकटी, शिवाय काहीही शोधलं की भलत्याच सर्च इंजिनातून फिरून यायचं. ५ वरही तेच. १ वर होमपेज बदललेलं. ४ नंबर आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएचं काम शिकणाऱ्या, पोरांचा. त्याची तक्रार एवढीच की "स्लो आहे". ही तक्रार मी शेवटी ठेवली. मोठी चूक होती, ते पुढे येईलच.

आजची चूक त्याहून बावळट. जाहिरातवाली सॉफ्टवेअरं काढणारं ॲडक्लीनर नावाचं फुकट साधन चांगलं आहे म्हणून ते शोधायला बसले ३ नंबरवरच. म्हणजे ज्याचं सर्च पळवलेलं आहे त्यालाच औषधाच्या दुकानाचा पत्ता विचारला. पहिला निकाल जाहिरात होती, हिरवं बटण हाताएवढं. दाबलं. ड्रायव्हर अपडेट करणारं काहीतरी बसलं आणि ३१२ चुका सापडल्या म्हणून पैसे मागायला लागलं. साडेसातला दिवे घालवून घरी आले.

रविवार, २९ जून

घरच्या लॅपटॉपवर पत्ता स्वतः टाइप करून बनवणाऱ्यांच्याच साइटवरून दोन गोष्टी घेतल्या: मालवेअरबाइट्सचं ॲडक्लीनर आणि मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स (मशीन सुरू होताना आपोआप काय काय चालतं ते दाखवणारं). दोन्ही फुकट. पेनड्राइव्हवर टाकून ऑफिसात आले, ५ नंबरला लावला, आणि पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. हा जुनाच आजार. खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. तुम्ही फोल्डर समजून त्यावर क्लिक केलंत की तो पुढच्या मशीनमध्ये शिरतो. फाइली गेलेल्या नसतात. लपवलेल्या फाइली दाखवा हा पर्याय चालू केला की दिसतात.

उपाय एकदम जुन्या जमान्यातला निघाला. सीडी. एकदा लिहून बंद केलेल्या सीडीवर कुठलाही व्हायरस काही लिहू शकत नाही. सरांच्या माळ्यावर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह धूळ खात होता, तो आणला. कोऱ्या सीडी तीन, ६० रुपये.

३ नंबरवर ॲडक्लीनरने ४१ वस्तू काढल्या, ५ वर १७. काल माझ्या हातून आलेला ड्रायव्हरवाला त्यातच गेला. खुशीत घरी गेले.

सोमवार, ३० जून

११ वाजता काकू: "ताई, ते आलं परत."

तोच कोपरा, तीच लाल चौकट. पुन्हा स्कॅन केला तर सगळं शून्य. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की चौकटीच्या खाली बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका साइटचा पत्ता आहे. म्हणजे हा व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी साइटवर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा" असं आलं असणार, काकूंनी दाबलं असणार, आणि तेव्हापासून त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची रीतसर परवानगी मिळालेली. स्कॅनर काय पकडणार? त्याच्या लेखी सगळं मालकाच्या मर्जीने चाललंय.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. काकूंच्या परवानगीच्या यादीत २३ साइट. त्यातल्या ओळखीच्या दोन. सगळ्या काढल्या आणि साइटनी परवानगी विचारायचीच नाही असं करून टाकलं. मशीनमागे चार मिनिटं. सातही मशीनींवर केलं. शनिवारपासून सुरुवात इथूनच केली असती तर निम्मी तक्रार पहिल्याच दिवशी मिटली असती. तुम्ही करणार असाल तर आधी हेच बघा.

बुधवार, २ जुलै

१ आणि ५ वर एक पीडीएफ कन्व्हर्टर नावाचं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेलं जादा साधन) आहे, काढायचं बटणच करडं पडलंय. क्रोमच्या मेनूत तळाला ओळ: हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो. आमच्या संस्थेत आठ माणसं, आणि सरांना एक्स्टेन्शन म्हणजे काय ते विचारून पाहा.

मोठ्या कंपन्यांमध्ये सगळ्यांच्या क्रोमवर एकाच ठिकाणाहून नियम लादता येतात. ते नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळी सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथे) पॉलिसीज या भागात गूगल आणि त्याखाली क्रोम अशा कप्प्यात राहतात. ॲडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, तिथेच स्वतःचं नाव लिहून बसतं आणि क्रोम बिचारं हुकूम समजून पाळतं. कप्प्याची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवली, मग कप्पा उडवला. ती ओळ गेली, एक्स्टेन्शनही निघालं.

गुरुवार, ३ जुलै

सकाळी दहाला ओळ परत, एक्स्टेन्शन परत. दहाच्या ठोक्याला, हे विशेष.

वेळ पाळणारी गोष्ट म्हटल्यावर ठरल्या वेळी कामं चालवणारा विंडोजचा टास्क शेड्यूलर उघडला. क्रोम अपडेटसारखंच नाव असलेलं एक काम रोज दहाला चालत होतं. खऱ्या गूगल अपडेटची फाइल सहसा प्रोग्राम फाइल्समधल्या गूगलच्या फोल्डरात असते. हे महाशय युजरच्या ॲपडेटामध्ये, अक्षरांची खिचडी असलेल्या फोल्डरातून एक स्क्रिप्ट चालवत होते. नावावर जायचं नाही, पत्ता बघायचा. ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून बनवणाऱ्यांच्या डिजिटल सह्या तपासायचा पर्याय चालू केला की असे बिनसहीचे पाहुणे गुलाबी रंगात वर येतात.

आता क्रम ठरला: आधी शेड्यूलरमधलं काम, मग त्याची फाइल, मग पॉलिसीचा कप्पा, शेवटी एक्स्टेन्शन. उलटीकडून सुरू केलंत तर माझ्यासारखा एक दिवस वाया घालवाल. जाता जाता डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली टार्गेटची ओळही बघा. १ नंबरवर क्रोमच्या नावापुढे एका साइटचा पत्ता चिकटवलेला होता. होमपेज सेटिंगमध्ये शंभरदा बदललं तरी तीच साइट उघडायची, ती त्यामुळे.

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी

ऑफिस बंद, म्हणून सगळ्यांवर डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन. यात मशीन बंद होऊन विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्यांना पळायला वेळ मिळत नाही. १५ मिनिटं लागतात असं म्हणतात; आमच्या जुन्या हार्ड डिस्कांवर ४० लागली. घरून साबुदाण्याची खिचडी डब्यात आणली होती, ती खात एकेकाकडे बघत बसले.

२ आणि ४ नंबरवर स्कॅन सुरूच होईना. डिफेंडर बंद. चालू केला, तर सगळं स्वच्छ. संशय आला म्हणून एक्सक्लूजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची, यादी उघडली. त्यात एकच ओळ: सी ड्राइव्ह. आख्खा. म्हणजे पहारेकऱ्याला सांगून ठेवलेलं की घर सोडून बाकी सगळीकडे बघ. ही करामत आमच्या जुन्या कंप्युटरवाल्याची. ही दोन मशीन त्यानेच बांधून दिली होती आणि चोरीचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस चालू करायचं ॲक्टिव्हेटर टाकताना ते डिफेंडरने पकडू नये म्हणून पहाराच उठवला होता. ओळ काढून पुन्हा स्कॅन.

२ वर फक्त ते ॲक्टिव्हेटर निघालं. ४ वर यादीत लुमा हे नाव आलं आणि माझी खिचडी तशीच राहिली.

लुमा जाहिराती दाखवत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी (साइटवर लॉगिन असल्याच्या खुणा) उचलून पाठवतो. मे महिन्यातच मायक्रोसॉफ्टने कोर्टाच्या हुकुमाने त्याचे सुमारे २,३०० डोमेन (साइटचे पत्ते) बंद पाडले होते; १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कंप्युटरांना त्याची लागण झालेली आढळली होती. आमच्याकडे त्याचं एकच लक्षण होतं: "स्लो आहे". लाल चौकटी नाहीत, सायरन नाही. जो आरडाओरडा करत होता त्याच्यामागे मी आठवडाभर धावले आणि जो गप्प होता त्याला शेवटी ठेवलं.

आला कसा, ते लगेच सापडलं. विंडोजचं बटण आणि आर दाबून रनची चौकट उघडली आणि खाली जाणारा बाण दाबला. मागे चालवलेली कमांड तिथे जशीच्या तशी: पॉवरशेलची (विंडोजला थेट हुकूम देणाऱ्या साधनाची) लांबलचक ओळ, आणि शेवटी साळसूदपणे "मी रोबोट नाही". आर्टिकलच्या पोराला फोन लावला. आधी नाही म्हणाला, मग आठवलं. बँक स्टेटमेंटचं पीडीएफ एक्सेलमध्ये करायला साइट शोधत होता. एका साइटने रोबोट नसल्याचं सिद्ध करायला सांगितलं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. साइटने ती कमांड आधीच त्याच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली होती. त्याने स्वतःच्या हाताने चिकटवली आणि चालवली. पोरगा फोनवर रडवेला झाला. रागावण्यात अर्थ नव्हता. आठवड्यापूर्वी हिरवं बटण दाबणारी मीच होते.

४ ची नेटवर्कची वायर काढली आणि सरांना घरी फोन केला.

सोमवार ते बुधवार, ७ ते ९ जुलै

४ नंबर साफ करायचा विचार सोडला, सरळ पुसून नवीन विंडोज. जाहिरातवाल्याला काढून मशीन वापरता येतं, पासवर्डचोर येऊन गेलेल्या मशीनवर माझा तरी जीव बसत नाही. मीडिया क्रिएशन टूलने लॅपटॉपवरून ८ जीबीच्या नव्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार केलं, सगळी पार्टिशन उडवली, टाकलं. अडीच तास. मग टॅली, जावा, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, यात संध्याकाळ.

इथे नुकसान झालं. बॅकअप घेताना डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि टॅलीचा डेटा घेतला. टीडीएस रिटर्न तयार करायचं आरपीयू नावाचं सॉफ्टवेअर ज्या फोल्डरात होतं ते थेट सी ड्राइव्हवर, ते राहिलं. दोन ग्राहकांचे अर्धे भरलेले २६क्यू (टीडीएसचे तिमाही फॉर्म) गेले. पुन्हा भरायला तीन तास. एसएसडी (जास्त वेगवान नवी डिस्क) आधी विकत आणून बसवली असती तर जुनी हार्ड डिस्क तशीच कपाटात राहिली असती आणि हे झालंच नसतं. आता बाकीच्यांना तसंच करणार.

पासवर्ड. ४ च्या क्रोममध्ये १६३ साठवलेले होते, बहुतेक ग्राहकांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे. बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. आमच्याकडे तेव्हा भरवशाचं म्हणजे सरांचं ७ नंबर आणि माझा लॅपटॉप. आधी ऑफिसचा ईमेल, कारण बाकी सगळ्यांचा विसरलेला पासवर्ड तिथेच येतो. मग सरांची बँक, मग ग्राहक. ईमेलला नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं, कारण चोरलेल्या कुकीने पासवर्ड न विचारताच आत जाता येतं. डीएससीची (डिजिटल सहीची) काळजी नव्हती, तिची गुप्त किल्ली टोकनच्या बाहेर येत नाही. पिन तेवढे बदलले.

ग्राहकांना सांगायचं की नाही यावर सर आणि मी दार लावून बोललो. ते म्हणाले बाजारात नाव जाईल. मी म्हटलं, उद्या कुणाच्या नावावर खोटं रिफंड निघालं तर? शेवटी त्यांनीच यादी हातात घेतली आणि फोन करायला बसले. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेलाही कळवलं. त्यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सहा तासांत कळवा असं आहे, आम्हाला एक दिवस उलटून गेला होता.

मजा पुढे. ज्यांचे जुने पासवर्ड आमच्या वहीत चुकीचे निघाले त्यांच्यासाठी विसरलो म्हणून नवीन घ्यावे लागले, आणि त्याचा ओटीपी ग्राहकाच्या मोबाइलवर. एकीकडे आम्हीच फोन करून सांगणार की पासवर्ड चोरीला गेला असू शकतो, आणि दुसऱ्या श्वासात ओटीपी मागणार! सियागंजचे एक व्यापारी म्हणाले, "बेटा, ओटीपी तो मैं अपने लड़के को भी नहीं देता." आणि स्कूटरवर बसून ऑफिसात आले, माझ्या शेजारी उभं राहून स्वतः आकडे टाइप केले, चहा घेतला आणि गेले. बाकी सगळ्यांनी तसंच करावं असं वाटलं.

तिघांचे अडीच दिवस गेले. नवीन पासवर्ड कीपासमध्ये ठेवले; ते फुकट आहे आणि फाइल आपल्याच मशीनवर राहते. त्याचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून सरांच्या लोखंडी कपाटात. काकूंना मात्र डायरीच हवी. ठेवा म्हटलं. ब्राउझरपेक्षा कुलपातली डायरी शंभर पटीने बरी.

शुक्रवार, ११ जुलै

जीएसटीआर-१ ची (जीएसटीच्या विक्रीच्या रिटर्नची) शेवटची तारीख. साडेतीन वाजता ५ नंबरवर डीएससीचं टोकन दिसेना. कंपन्यांचं रिटर्न सहीशिवाय जात नाही, आणि उशिराला दिवसाला ५० रुपये. ड्रायव्हर दोनदा टाकला, यूएसबीची जागा बदलली, टोकन फुंकलं, पुसलं. सर दर दहा मिनिटांनी दारात.

सहा वाजता ऑटोरन्स उघडलं आणि दिसलं: गेल्या आठवड्यात गुलाबी रंग बघून जोशात मी टोकनची सर्व्हिस आणि सही करून देणारं एमसायनर, दोन्हींपुढच्या टिकच्या खुणा काढल्या होत्या, म्हणजे ती सुरूच होत नव्हती. गुलाबी म्हणजे सही पटली नाही एवढंच, चोर असंच नाही. आपल्याकडची बरीच सरकारी कामाची सॉफ्टवेअरं अशीच येतात. नशीब की ऑटोरन्समध्ये मी फक्त खूण काढली होती, नोंद पुसली नव्हती. खुणा परत केल्या, मशीन रीस्टार्ट, एमसायनर ॲडमिन म्हणून चालवलं. शेवटचं रिटर्न ८:१० ला गेलं. अडीच तासांचा भुर्दंड. आता कुठलीही खूण काढली की वहीत तारखेसह लिहिते.

मंगळवार, १५ जुलै

काकूंच्या ३ नंबरवर तेच पीडीएफ एक्स्टेन्शन पुन्हा. शेड्यूलर स्वच्छ, पॉलिसी स्वच्छ, स्कॅन शून्य. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

काकूंनीच बोलता बोलता कोडं सोडवलं. म्हणाल्या, "घरी पण तसंच दिसतं गं." क्रोममध्ये त्या स्वतःच्या गूगल खात्याने साइन इन होतात, घरच्या कंप्युटरवरही तेच खातं. सिंक चालू. मी इथे काढायचे आणि घरचा कंप्युटर संध्याकाळी परत पाठवायचा. घरी जाऊन तिथलं काढलं (बटाटेवडे मिळाले), खात्यावरचा सिंकचा साठा पुसला, आणि ऑफिसात खाजगी खात्याने क्रोममध्ये शिरायचं नाही असं ठरलं. सरांनाही लागू. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांचंही चालूच होतं.

गुरुवार, १७ जुलै

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पुन्हा पहिलं, आठव्यांदा. ऑफिसात पोहे-जिलेबी आली. सर म्हणाले, शहराचा झाला, आपला नंबर कधी?

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) क्वाड९ केलं, ९.९.९.९. माहीत असलेल्या वाईट साइटचे पत्ते ते सांगतच नाही. राउटर इंटरनेटवाल्याने कुलूपबंद दिलाय म्हणून प्रत्येक मशीनवर वेगळं. इंटरनेटच्या पत्त्यांच्या दोन पद्धती असतात; फक्त जुन्या आयपीव्ही४ ला टाकलं, नवी आयपीव्ही६ विसरले. अर्धी विचारणा जुन्याच वाटेने जात होती. दुसऱ्या दिवशी तेही केलं.

शनिवार, १९ जुलै

आजचं काम खरं तर सगळ्यात आधीचं. प्रत्येकाच्या शेजारी बसून त्यांच्या डाउनलोडची यादी सहा महिने मागे जाऊन वाचली. रागावणार नाही असं आधीच कबूल केलं होतं. गेम किंवा सिनेमा जवळजवळ नाहीच. जे होतं ते सगळं कामाचं: पीडीएफ लहान करणारं, पीडीएफचं एक्सेल करणारं, कृतिदेव फाँट, कृतिदेवचं युनिकोड करणारं, प्रिंटरचा ड्रायव्हर. जीएसटी नोंदणीला मालकाचा फोटो १०० केबीच्या आत लागतो, ग्राहक व्हॉट्सॲपवर ४ एमबीचा पाठवतो. माणूस करणार काय? शोधणार, आणि पहिलं हिरवं बटण दाबणार. हे बंद करायचं तर आधी ह्या गरजा भागवायला हव्यात. नुसतं "डाउनलोड करू नका" असं भिंतीवर लावून पाहिलंय आम्ही, २०२२ साली.

पीडीएफ लहान करणं, जोडणं, तोडणं: पीडीएफ२४ हे फुकट सॉफ्टवेअर सगळीकडे टाकलं. इंटरनेटशिवाय चालतं. फोटो लहान करायला पेंटच पुरतं, रीसाइझ करून जेपीजी. काकूंना पाच मिनिटांत जमलं.

बँक स्टेटमेंटचं एक्सेल: याचा मला सगळ्यात धक्का बसला. लोक ग्राहकांची स्टेटमेंटं कुठल्याही साइटवर चढवत होते. म्हणजे स्पायवेअरची गरजच काय, आम्ही स्वतःच नेऊन देत होतो! नव्या लायसन्सच्या एक्सेलमध्ये डेटाच्या टॅबवर थेट पीडीएफमधून टेबल ओढता येतं. पासवर्डवालं स्टेटमेंट मात्र ते घेत नाही; आधी क्रोममध्ये पासवर्ड देऊन उघडायचं, प्रिंट करून पीडीएफ म्हणून सेव्ह करायचं, मग घ्यायचं. स्कॅन केलेल्या स्टेटमेंटला हे चालत नाही, ते अजून हातानेच.

कृतिदेव: काकू वीस वर्षं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, टाइप करतात. विंडोज १० मध्ये २०१९ पासून हिंदी-मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आयता आहे, तो दाखवला. त्यांनी "कार्यालय" लिहून बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. मायक्रोसॉफ्टच्या हिंदी इंडिक इनपुटमध्ये रेमिंग्टन गेल म्हणून पर्याय आहे. बोटांच्या जागा जवळजवळ त्याच, पण अक्षर युनिकोड. दोन-चार जोडाक्षरांवर अजून कुरकुर चालू आहे.

शनिवार, २६ जुलै

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून सामान आणलं. २५६ जीबीच्या एसएसडी पाच, प्रत्येकी १,६५०, रॅम तीन, प्रत्येकी ७००, पेनड्राइव्ह दोन, ९००, सीडी ६०. एकूण ११,३१०. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन्स दोन मशीनींना घेतलं, तो आकडा सरांनी मला सांगितला नाही. बाकीच्यांना लिब्रेऑफिस. ते आधी काकूंच्या मशीनवर टाकलं होतं आणि इन्कम टॅक्सची मॅक्रोवाली एक्सेल युटिलिटी त्यात चालेना, म्हणून एक लायसन्स त्यांना गेलं. २ आणि ४ वर नव्या एसएसडीवर कोरं विंडोज, बाकीचे साफ झालेले तसेच क्लोन केले. काढलेल्या हार्ड डिस्कांवर नंबर घालून कपाटात. माझे तास वहीप्रमाणे ७४.

एसएसडीनंतर ३ नंबर ५० सेकंदांत उठतो, आधी चार मिनिटं घ्यायचा. काकूंना वाटतंय ही सगळी व्हायरस काढल्याची जादू.

सगळे आतापर्यंत ॲडमिन होते, आता साधे युजर. ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे आणि सरांच्या कपाटात. पहिले तीन दिवस मला दिवसातून नऊ-दहा हाका आल्या, आज दोन.

गुरुवार, ३१ जुलै

टीडीएसची तिमाही रिटर्नं गेली. दर सोमवारी मी तीनच गोष्टी बघते: टास्क शेड्यूलर, डिफेंडरच्या एक्सक्लूजन्स, क्रोमच्या मेनूतली ती ओळ. सात मशीनींना वीस मिनिटं. दोन सोमवार काही नाही.

राहिलेलं: १ आणि ५ विंडोज ११ घेतात, २, ३, ४ आणि ६ चे प्रोसेसर जुने, ते घेत नाहीत. विंडोज १० चा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. चार नवीन मशीन म्हटल्यावर सर खिडकीबाहेर बघतात. एसएसडी काढून नव्यात लावता येतील एवढं मी त्यांच्या कानावर घालून ठेवलंय.

आज दुपारी बाराला तोच जुना कंप्युटरवाला वर्षाचा करार नवा करायचा म्हणून फोनवर आला. सरांनी फोन माझ्याकडे दिला. एक्सक्लूजनचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, इंदौर में सबके यहाँ यही डालते हैं." म्हटलं ठीक आहे, आमच्या दोन मशीनींच्या ऑफिसचं बिल आणि लायसन्सचा नंबर तेवढा पाठव. तासाभरात करतो म्हणाला. आता साडेसहा झालेत.